गिरणीतल्या मुलांचे दात

१८३३ साली ब्रिटिश संसदेने कापड गिरण्यांमधल्या मुलांसाठी कायदा केला. तो अमलात आणायची वेळ आली तेव्हा सगळे घोडे एका साध्या प्रश्नापाशी अडले. समोर उभे असलेले हे पोर नक्की किती वर्षांचे? आईबाप एक सांगत, गिरणीमालक दुसरे, आणि खरे काय ते सांगणारा कागद बहुतेकांकडे नव्हताच. पुढची दहा वर्षे इंग्लंडमधले निरीक्षक, डॉक्टर आणि खासदार या एका प्रश्नाशी झुंजत राहिले. त्या झुंजीतूनच मुलाचे वय त्याच्या तोंडात डोकावून ठरवण्याची पद्धत पहिल्यांदा आकड्यांनिशी मांडली गेली.

हा कायदा का करावा लागला ते आधी पाहू. १८३२ मध्ये मायकेल सॅडलर या खासदाराच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली आणि तिच्यासमोर गिरणी कामगारांनी साक्षी दिल्या. एलिझाबेथ बेंटली ही लीड्सची तेवीस वर्षांची तरुणी त्यांपैकीच एक. जवसाच्या धाग्याच्या गिरणीत ती सहाव्या वर्षी कामाला लागली. तिचे काम डॉफरचे, म्हणजे साच्यावरच्या भरलेल्या बॉबिन उतरवायच्या आणि रिकाम्या चढवायच्या. कामाचा जोर असला की पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत तिला उभे राहावे लागे. सुती गिरण्यांत याहून लहान मुलांना चालू यंत्राखाली सरपटत जाऊन कापसाची धूळ झाडावी लागे. तुटलेले धागे जोडण्याचे काम थोड्या मोठ्या मुलांकडे असे. एकेका कातणाऱ्याच्या हाताखाली अशी दोन-तीन पोरे असत आणि त्यांच्याशिवाय त्याचा साचा चालत नसे. पुढच्या सगळ्या लबाडीचे मूळ या शेवटच्या गोष्टीत आहे, म्हणून ती ध्यानात ठेवायला हवी.

सॅडलरची समिती एकतर्फी आहे अशी गिरणीमालकांनी ओरड केली, तेव्हा सरकारने १८३३ मध्ये नवा आयोग नेमला. त्याच्या शिफारशींवरून त्याच वर्षी जो कायदा झाला त्यात रेशमाच्या गिरण्या वगळता इतर कापड गिरण्यांमध्ये नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली. नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त राबवता येणार नव्हते, शिवाय त्यांना रोज दोन तास शाळेत बसवायचे होते. तेरा ते अठरा वयाच्यांसाठी मर्यादा दिवसाला बारा तासांची. आणि हे सगळे पाहायला साऱ्या देशात मिळून चार निरीक्षक.

म्हणजे कायद्याची सगळी भिस्त नऊ आणि तेरा या दोन आकड्यांवर होती. पण इंग्लंडमध्ये तेव्हा सरकारी जन्मनोंदच नव्हती. होत्या त्या चर्चच्या वह्या, आणि त्यांत लिहिलेली असे ती बाप्तिस्म्याची तारीख. बाप्तिस्मा जन्मानंतर आठवड्याने होई, कधी दोन वर्षांनीही. सरकारमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांची मुले त्या वह्यांत सापडत नसत. लँकेशायरच्या गिरणगावांत आयर्लंडहून पोटासाठी आलेली हजारो कुटुंबे होती, त्यांच्या मुलांची नोंद शोधायला कोण समुद्रापार जाणार? कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी तोडगा काढला की एखाद्या डॉक्टरने मुलाला पाहून दाखला द्यावा. त्या दाखल्यात लिहायचे ते इतकेच, की या मुलाची ताकद आणि ठेवण त्या वयाच्या सर्वसाधारण मुलासारखी आहे. वय काय आहे यापेक्षा ते किती दिसते याला कायद्यानेच मान्यता दिली. माझ्या मते या कायद्याचा सर्वांत दुबळा सांधा तो हाच.

कारण खोटे बोलण्यात प्रत्येकाचा फायदा होता. मोठे कामगार बारा-बारा तास साचा चालवणार आणि त्यांच्या हाताखालची पोरे नऊ तासांनी घरी जाणार, हे जमायचे कसे? मालकाला मुलांच्या दोन पाळ्या लावाव्या लागल्या असत्या, आणि तेवढी मुले आणायची कुठून? घरची चूलही पोराच्या मजुरीवर पेटत असे. बाराव्या वर्षीच तेरा वर्षांचा दाखला मिळाला तर घरात चार पैसे जास्त येणार होते. मग धाकट्याच्या नावाने थोरल्याला डॉक्टरपुढे उभे करायचे, एकाचा दाखला दुसऱ्याने वापरायचा, असे प्रकार सर्रास सुरू झाले. आजूबाजूचा कुठलाही डॉक्टर दाखला देऊ शकत असे, आणि त्याची फी बहुधा गिरणीकडूनच येई. आईबापांना सरसकट दोष द्यायला माझा हात धजत नाही. ज्या मजुरीत मोठ्या माणसाचे घर चालत नाही, तिथे मुलाचे वय वाढवून सांगितले जाणारच.

तेराची अट एकदम लागू झाली नव्हती. १८३४ च्या मार्चपासून अकरा वर्षांखालच्या, १८३५ पासून बारा वर्षांखालच्या आणि १ मार्च १८३६ पासून तेरा वर्षांखालच्या मुलांना तिचे संरक्षण मिळायचे होते. ही शेवटची पायरी आली आणि गिरणीमालकांनी जोर लावला. व्यापार खात्याचे प्रमुख पोलेट थॉमसन यांनी मर्यादा पुन्हा बारावर आणणारे विधेयक मांडले. मतदान झाले तेव्हा ते अवघ्या दोन मतांनी पुढे सरकले. इतक्या निसटत्या कौलावर पुढे जाण्याची हिंमत सरकारला झाली नाही आणि विधेयक मागे घेतले गेले. तेरा हा आकडा कागदावर टिकला, तो प्रत्यक्षात कसा उतरवायचा हे ओझे मात्र निरीक्षकांच्या डोक्यावर आले.

त्या चौघांत लेनर्ड हॉर्नर हे नाव महत्त्वाचे. हा माणूस मूळचा भूगर्भशास्त्राचा अभ्यासक, लंडन विद्यापीठाच्या आरंभीच्या काळात तिथला प्रमुख कारभारी. १८३६ पासून लँकेशायर त्याच्या अखत्यारीत आले. पुढे कार्ल मार्क्सने आपल्या ‘भांडवल’ या ग्रंथात इंग्रज कामगारांवर ज्यांचे उपकार आहेत अशांत त्याची गणना केली. गिरणीमालकांची नाराजी पत्करूनही त्याने वर्षानुवर्षे खटले भरले. त्याला दाखल्यांसाठी असा निकष हवा होता की ज्यात डॉक्टरच्या मर्जीला जागा उरणार नाही. त्याने उंची निवडली. गिरणगावांतल्या डॉक्टरांकडून हजारो मुलांची उंची मोजून घेतली, आणि अमुक इतकी उंची भरत नसेल तर अमुक वयाचा दाखला देऊ नये, असा दंडक घातला.

भिंतीवर खूण करायची आणि मुलाला तिच्याशी उभे करायचे. यात वशिला चालत नाही हे खरे, पण न्यायही होत नाही. अंगाने थोराड असलेले अकरा वर्षांचे पोर तेराचे ठरून बारा तास राबणार. उपासमारीने खुरटलेले चौदा वर्षांचे पोर लहान ठरून घरची मजुरी बुडणार. आणि गिरणगावात खुरटलेल्या मुलांना काय तोटा होता! उंची ही आईबापांच्या बांध्यावर आणि ताटातल्या अन्नावर जितकी अवलंबून, तितकी वयावर नाही.

या टप्प्यावर दातांचा विषय पुढे आला. तो अगदीच नवा होता असे नाही. १८३६ मध्येच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्राध्यापक अँथनी टॉड थॉमसन यांनी न्यायवैद्यकावरच्या व्याख्यानांत सांगितले होते की आरोपी मुलाची पहिली कायमची दाढ अजून वर आलेली नसेल, तर त्याचे सातवे वर्ष उलटलेले नाही असे डॉक्टरने निःशंक सांगावे. इंग्लंडच्या कायद्यात सात वर्षांखालच्या मुलावर गुन्हा लागत नसे, आणि त्या काळात लहानसहान चोरीलाही काळे पाणी होई. त्या एका दाढेवर मुलाचे सगळे आयुष्य लटकलेले असू शकत होते.

एडविन सॉंडर्स या दंतवैद्याने ही कल्पना गिरण्यांच्या प्रश्नाला जोडली. १८३७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने संसदेच्या दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांना उद्देशून एक पुस्तिका प्रसिद्ध केली. दात ही वयाची कसोटी आहे, असे तिचे शीर्षकच सांगत होते. आपल्याकडच्या बैलबाजारात कुणालाही पटेल असे हे म्हणणे आहे. आदत, दुसा, चौसा, जुळलेला, अशी जनावराची वये शेतकरी त्याचा जबडा उघडून सांगतो आणि दलालाच्या तोंडच्या वयावर विश्वास ठेवत नाही. सॉंडर्सचे वेगळेपण असे की माणसाच्या पोराबद्दल नुसते म्हणून तो थांबला नाही. ज्यांचे वय आधीच ठाऊक आहे अशी हजारावर मुले त्याने तपासली आणि आपली कसोटी किती वेळा चुकते हेही मोजले.

त्याने मुलांच्या तोंडात पाहिले काय? साडेपाच-सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात वीस दुधाचे दात असतात. मग सहाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत मागे, दुधाच्या दाढांच्याही पलीकडे, हिरडीतून एक नवी दाढ डोके वर काढते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईच्याही ते लक्षात येत नाही. हीच थॉमसन यांची दाढ. त्यानंतर पुढचे पटाशीचे दात पडून नवे येतात, आधी मधले दोन, मग त्यांच्या शेजारचे. नवे दात दुधाच्या दातांपेक्षा रुंद आणि किंचित पिवळसर असतात आणि त्यांच्या कडेवर करवतीसारखे बारीक तीन उंचवटे असतात. ते वर्षा-दोन वर्षांत चावून झिजून जातात, त्यामुळे दात नुकताच आला आहे की जुना आहे हेही कळते. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडात साधारणपणे वर-खाली मिळून आठ पटाशीचे आणि चार दाढा असे बारा कायमचे दात असतात, मधल्या जागी अजून दुधाचेच. त्यानंतर उपदाढा आणि सुळे येतात, बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी दाढ. तेरा पूर्ण झाले की अक्कलदाढा सोडून अठ्ठावीस. कायद्याचे नऊ आणि तेरा हे दोन्ही आकडे दातांच्या या क्रमात अगदी सोयीच्या जागी पडले होते.

एका बाजूचा दात आला आणि दुसऱ्या बाजूचा हिरडीत अडकला असेल तर काय करायचे, याचाही सॉंडर्सने विचार केला. अशा वेळी आलेला दात धरावा, कारण दोन्ही बाजू वयाने सारख्याच असतात, एवढेच की एकीला कुठेतरी अडथळा झालेला असतो. या नियमाने त्याने पडताळा घेतला. नऊ वर्षांच्या ७०८ मुलांपैकी ५३० मुलांचे वय दातांवरून बरोबर निघाले. उरलेल्यांपैकी कोणाचे सहा महिने, कोणाचे वर्षभर कमी निघाले. तेरा वर्षांच्या ३३८ मुलांपैकी २९४ बरोबर आणि बाकीची बाराच्या पुढेमागे. चूक एका वर्षाच्या आत राहिली. त्याहून मोलाचे म्हणजे ती मुलाचे वय कमी सांगण्याच्या बाजूला झुकली, म्हणजे फार तर मूल काही महिने उशिरा पूर्ण कामाला लागेल, लवकर नाही.

सॉंडर्सचा मुद्दा आजही टिकून आहे. कायमच्या दातांची घडण जन्माच्या सुमारास जबड्याच्या हाडात सुरू होते आणि उपासमार, आजार यांचा धक्का दातांना बसलाच तरी उंचीइतका बसत नाही. गरिबाचे पोर वितभर बुटके राहील, पण त्याची दाढ बहुधा आपल्या वेळेवर येईल. कसोटीला उणिवाही होत्या. दुधाचा दात किडून लवकर पडला तर त्याखालचा दात पुढेमागे होतो, मुलींचे दात मुलांपेक्षा थोडे लवकर येतात, आणि मूळ प्रश्न असा की दात शरीर किती पिकले ते सांगतात, जन्मतारीख सांगत नाहीत. तरी उंचीच्या खुणेशी तुलना केली तर सॉंडर्सची बाजू वरचढ होती, याबद्दल मला शंका नाही.

संसदेने मात्र दातांना कायद्यात अढळ जागा दिली नाही. काही डॉक्टर दाखला देताना तोंड पाहू लागले, तेवढेच. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंद सुरू झाली. पण त्या वर्षी जन्मलेले मूल नऊ वर्षांचे व्हायला १८४६ उजाडणार होते, आणि नोंद न करणाऱ्या आईबापांना दंड लागू व्हायला त्यापुढेही तीसेक वर्षे जावी लागली. १८४४ च्या कायद्याने दाखला देण्याचा अधिकार निरीक्षकांनी नेमलेल्या ठरावीक डॉक्टरांकडे सोपवला. त्याच कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांचे काम साडेसहा तासांवर आणले. त्या बदल्यात कामाला लागण्याचे किमान वय नऊवरून आठवर खाली घसरले, ही त्या कायद्याची काळी बाजू.

आणि लबाडी संपली का? १८५८ साली अलेक्झांडर रेडग्रेव्ह या निरीक्षकाच्या नजरेला एका गिरणगावच्या वर्तमानपत्रातली जाहिरात पडली. बारा ते वीस मुले पाहिजेत, तेरा वर्षांची म्हणून खपतील त्यांहून लहान नकोत, असा तिचा आशय. मार्क्सने ही जाहिरात आपल्या ग्रंथात नोंदवली आणि पुढे म्हटले की गिरण्यांत तेरा वर्षांखालची मुले आकडेवारीत झपाट्याने कमी झाली, ती बव्हंशी दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या लेखणीने. त्याला आधार होता खुद्द निरीक्षकांच्या साक्षींचा.

सॉंडर्सचे स्वतःचे पुढे चांगले झाले. तो राणी व्हिक्टोरियाचा दंतवैद्य झाला आणि १८८३ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. हा मान मिळालेला तो पहिला दंतवैद्य.

हाच प्रश्न पुढे मुंबईला आला. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी उभारायला घेतली आणि वीस वर्षांत गिरणगावाचे भोंगे पहाटे वाजू लागले. इथेही साचे खात्यात बॉबिन उतरवायला पोरेच, आणि त्यांचे नावही तेच, डॉफर. १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी कायद्याचा पाठपुरावा केला. मँचेस्टरच्या मालकांनीही त्यासाठी लंडनमध्ये जोर लावला, कारण स्वस्त मजुरीवर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या त्यांच्या डोळ्यांत खुपत होत्या. कुणाच्या हेतूने का होईना, १८८१ मध्ये हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. किमान वय सात, बारा वर्षांपर्यंत नऊ तास. इंग्लंडने अर्धशतकापूर्वी घालून दिलेल्या मर्यादेपेक्षाही हे कमी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले, लढा चालू ठेवला, आणि १८९१ च्या दुरुस्तीने किमान वय नऊ झाले, चौदापर्यंत सात तास. त्याच वर्षी संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलीचे वय बारा ठरले. दोन्ही कायद्यांपुढे पेच एकच होता. कोकणातून किंवा घाटावरून आलेल्या कुटुंबाकडे मुलाच्या जन्माचा कागद असायचे कारण नव्हते, म्हणून इथेही डॉक्टरने पाहून वय सांगायचे. दात, उंची, अंगाची ठेवण यांवरून वय कसे काढावे हे इथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जाऊ लागले. जयसिंग मोदी यांच्या १९२० साली निघालेल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथाचा दाखला आपल्या न्यायालयांत आजही दिला जातो.

विसाव्या शतकात क्ष-किरणांमुळे हिरडीखालचे दिसू लागले. १९५० मध्ये स्वीडनच्या गोस्ता गुस्ताफसन यांनी प्रौढांच्या दातांची झीज, हिरडीचे मागे सरणे, मुळाचा पारदर्शकपणा अशा सहा खुणांवरून वय काढण्याची रीत दिली, तिचा उपयोग बेवारस मृतदेहांची ओळख पटवायला होतो. १९७३ मध्ये कॅनडात दमिर्जियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूचे सात दात घेऊन प्रत्येकाच्या घडणीचे आठ टप्पे पाडले. दात बाहेर आला की नाही एवढ्यावर आता कुणी थांबत नाही. त्याचे मूळ किती उतरले, टोक मिटले का, हे पाहतात. चौदा-पंधरापर्यंत ही पद्धत चांगला अंदाज देते. अडचण आहे ती पुढे. आजच्या कायद्याला हवा असलेला आकडा अठरा, आणि त्या वयात घडत असतो तो एकटा दात म्हणजे अक्कलदाढ. ती कुणाला सतराव्या वर्षी येते, कुणाला पंचविसाव्या, कुणाला येतच नाही. कायद्याला जिथे खात्री सर्वांत जास्त हवी, नेमके तिथे दात सर्वांत कमी बोलतात.

आपल्या न्यायालयांना ही मर्यादा ठाऊक आहे. वैद्यकीय तपासणीने काढलेले वय दोन वर्षे इकडे किंवा तिकडे असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ‘जया माला’ खटल्यात म्हटले. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ ने क्रमही लावून दिला आहे. आधी शाळेचा किंवा शालान्त परीक्षेचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा अन्य वैद्यकीय तपासणी. दातांची पाळी शेवटी, आणि ते योग्यच आहे.

फक्त, शाळेचा दाखलाही किती खरा? डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर शाळेत घालायचे, ही रीत ज्यांनी पाहिली आहे असे वाचक अजून पुष्कळ असतील. ती हॉर्नरच्या उंचीच्या खुणेचीच बहीण. आणि मास्तरांनी प्रवेशाच्या वहीत लिहिलेली १ जून ही तारीख महाराष्ट्रात किती जणांचा वाढदिवस झाली आहे हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारून पाहावे. त्या तारखेने कुणाला नोकरीत दोन वर्षे जास्त मिळाली, कुणाची दोन गेली. पण एखादी मुलगी लग्नाच्या मांडवातून सोडवायची असते, किंवा वीटभट्टीवर सापडलेला मुलगा चौदाच्या आत आहे हे सिद्ध करायचे असते, तेव्हा अशी अंदाजे तारीख मुलाच्याच विरुद्ध जाऊ शकते.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत केली तर तिला शुल्क नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. ऊसतोडीच्या फडावर, बांधकामावर, घरीच जन्मलेले मूल तुमच्या ओळखीत असेल, तर त्याच्या आईबापांना ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत घेऊन जा आणि ती नोंद करून घ्या.